हाय खाल्लेल्या माणसाला कॅप्सूल देऊन काय होते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, बसस्टँडला लागून. काउंटरमागे उभं राहून वीस वर्षं होत आली. पुढे जे लिहितोय त्यात माझा स्वतःचा धंदा पण आला हे आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी म्हणायला नको की हा स्वतः विकते अन वर ज्ञान पाजळते. विकतोच मी. डाव्या हाताच्या रॅकवर अश्वगंधाच्या कॅप्सूल आहेत, ब्राह्मीचं सिरप आहे, शंखपुष्पी, जटामांसीवाल्या गोळ्या, अन दोनेक वर्षांपासून इंग्रजी नावाच्या त्या 'मूड'च्या डब्या, ज्याच्यावर हिरवं पान अन हसणारी बाई असते. आधी हा माल दहावी-बारावीच्या पोट्ट्यांचे मायबाप न्यायचे. आता एक दुसरंच गिऱ्हाईक वाढून राहिलं, कॅन्सरच्या पेशंटच्या घरचे लोक, अन तेही असे पेशंट की ज्यांना नागपूर नाहीतर सेवाग्रामहून 'आता घरी न्या, सेवा करा' असं सांगून पाठवलेलं असते.

येणारा शक्यतो मुलगा किंवा जावई असतो. फाईल काखेत. प्रिस्क्रिप्शनवरच्या गोळ्या घेऊन झाल्या की जरा घुटमळते अन मग म्हणते, "भाऊ, बुढा काहीच बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राह्यते. मन लागन असं काही द्या ना. पण आयुर्वेदिक द्या बरं, साइड इफेक्टवालं नोको." हे शेवटचं वाक्य ठरलेलं. मी रॅककडे हात करतो, तो बिचारा दोन बाटल्या नेते, एखाद्यानं मोबाईल दाखवला तर पुण्यातल्या भावानं ऑनलाइन काय मागवलं त्याचा फोटो असते अन 'हे चालते का' असं विचारते.

आपल्याकडे ह्याला डिप्रेशन कोणी म्हणत नाही. 'बुढ्यानं हाय खाल्ली' म्हणतात. आजार अंगाला झाला पण माणूस आतून आधीच बसला, हे सगळं त्या दोन शब्दांत येते. गडबड एवढीच की हाय खाल्ली म्हटलं की आपण ते नशिबाच्या खात्यात टाकून मोकळे होतो अन डिप्रेशन म्हटलं की बाटलीच्या. दोन्हीकडे त्या माणसाला विचारायचं राहूनच जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या पेशंटचं मन बरं व्हावं म्हणून ह्या ज्या जडीबुटीच्या बाटल्या जाऊन राहिल्या त्या बहुतेक वेळा जायला नको. वनस्पती म्हणजे भोंदूगिरी असं मला बिलकुल म्हणायचं नाही. उलट काही वनस्पतींमध्ये खरंच दम आहे, अन दम आहे म्हणूनच भानगड आहे.

त्या ऑनलाइन डब्यांमध्ये बऱ्याच वेळा 'सेंट जॉन्स वर्ट' नावाचं झाड असते, पिवळ्या फुलाचं, युरोपातलं. डिप्रेशनच्या बाबतीत ह्याच्यावर बाकी कोणत्याही जडीबुटीपेक्षा जास्त अभ्यास झालाय. २००८ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरचे औषधांचे अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या संस्थेनं, २९ ट्रायल, साडेपाच हजाराच्या आसपास लोक, एकत्र करून पाहिले अन सौम्य ते मध्यम डिप्रेशनमध्ये हे झाड औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा चांगलं अन नेहमीच्या डिप्रेशनच्या गोळ्यांच्या बरोबरीनं काम करते असं निघालं. म्हणजे खोटं नाही. पण ते लोक चालते फिरते होते, मरणाच्या दारातले नव्हते. अन हेच झाड लिव्हरमधली औषध पचवणारी एंझाइम इतकी जागी करते की दुसरी औषधं शरीरात टिकतच नाहीत. आतड्याच्या कॅन्सरमध्ये इरिनोटेकन नावाचं इंजेक्शन देतात, त्याचा जो खरा काम करणारा भाग असते तो ह्या झाडासोबत रक्तात ४२ टक्क्यांनी कमी झाला असं २००२ च्या अभ्यासात दिसलं. ब्लड कॅन्सरच्या इमॅटिनिब नावाच्या गोळीचं पण तसंच. आता तुम्ही म्हणाल आमच्या बुढ्याची केमो तर बंदच झाली. ठीक. पण ट्रामाडॉल चालू आहे ना? दुखण्यासाठी आमच्या भागात सगळ्यात जास्त लिहिलं जाणारं औषध तेच. ट्रामाडॉल अन सेंट जॉन्स वर्ट सोबत घेतलं की मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन हाताबाहेर जाऊ शकते, थरथर, ताप, घाम, भ्रम, अन घरचे म्हणणार 'शेवट आला'. डॉक्टरला कोणी सांगतच नाही की ऑनलाइन काही सुरू होतं, कारण ते औषधात मोजत नाहीत आपण, 'ते तर आयुर्वेदिक आहे'. खरं तर ते आयुर्वेदिकही नाही, युरोपातलं झाड आहे, पण डबीवर हिरवं पान असलं की आपल्याला ते चरकाच्या घरचंच वाटते.

अश्वगंधाचं म्हणाल तर टेन्शन, झोप ह्याच्यावर छोट्या छोट्या ट्रायल आहेत, त्यात फायदा दिसला, पण बहुतेक धडधाकट लोकांवर, थोड्या दिवसांच्या. मरणपंथाला लागलेल्या माणसाच्या डिप्रेशनवर ती चालते असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. अन लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस वेगवेगळ्या देशांतून नोंदल्या गेल्यात. ज्याच्या लिव्हरमध्ये आधीच गाठी पसरल्या त्याला ही देताना निदान दोनदा विचार करावा की नाही? केशरावर पण ट्रायल आहेत, बऱ्याचशा इराणमधल्या, पण कापसाच्या भावाकडे पाहून केशराचं बोलणं म्हणजे थट्टाच.

गुळवेलीचं तर तुम्हाला आठवत असेल. कोरोनात आमच्या गावातल्या एकूण एक कडुनिंबावरची वेल लोकांनी ओरबाडून नेली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंटचा रिपोर्ट छापला, गुळवेल घेऊन लिव्हर सुजलेले. आयुष मंत्रालयानं लगेच हरकत घेतली की ती गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. मला हा वाद फार बोलका वाटते. कारण मंत्रालयाचं खरं मानलं तरी अर्थ काय निघते, की वेल ओळखण्यात जाणत्यांची चूक होऊ शकते, मग माझ्या दुकानात सीलबंद डबीत भुकटी होऊन आलेली वनस्पती नेमकी कोणती हे मी कोणत्या तोंडानं सांगू? अजून एक आतली गोष्ट. एकच अश्वगंधा, एका कंपनीच्या डबीवर आयुर्वेदिक औषधाचा लायसन्स नंबर असते अन दुसरीच्या डबीवर अन्नपदार्थाचा, बिस्किटाच्या पुड्यावर असते तसला. नियम वेगळे, तपासणी वेगळी, रॅक मात्र एकच. अन विकायला डिप्रेशनच्या गोळीला जशी चिठ्ठी लागते तशी ह्याला काहीच लागत नाही. किराणा दुकानवाला पण विकू शकते.

आता मुद्द्याचा विरोध. हा माझ्याच घरात झाला म्हणून मला पाठ आहे. "चार दिवसाचा सोबती आहे रे तो, आता काय नुकसान होनार हाय त्याचं? देऊ दे ना." माझ्या मोठ्या आईचं वाक्य. ह्याला उत्तर देणं सोपं नाही अन जे लोक 'अंधश्रद्धा, अंधश्रद्धा' करून हे उडवून लावतात ते कधी अशा खाटेजवळ बसले नसावेत.

माझ्या मोठ्या बाबांना तोंडाचा कॅन्सर होता. खर्रा. चाळीस वर्षं पानठेल्यावर घोटून घेतलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा, सकाळी वावरात जाताना एक, दुपारी एक, अन संध्याकाळी पारावर कितीक त्याचा हिशोब नाही. जबडा काढला, शेक (रेडिएशन) दिला, वर्षभरानं गालातून पुन्हा फुटला. मग नाकातून नळी टाकून घरी. मी पुतण्या, घरात मेडिकलवाला, त्यामुळं सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मोठे बाबा बोलू शकत नव्हते पण इशारे करणंही त्यांनी बंद केलं होतं, कोणी आलं की डोळे मिटून घ्यायचे. मी काय केलं? रॅकवरून ब्राह्मी काढली, अश्वगंधा काढली, कॅप्सूल फोडून भुकटी पाण्यात कालवून नळीतून द्यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी नळी जाम. भुकटी पातळ नळीत बसते हो, सिमेंटसारखी. पस्तीस किलोमीटर गाडीत घालून नेलं नळी बदलायला, ज्या माणसाला कूस बदलताना कळ येत होती त्याला त्या खड्ड्यांच्या रोडनं. म्हणजे काय नुकसान होणार ह्याचं एक उत्तर तर मिळालं. अन ते नुकसान मी स्वतः केलं, फुकटात, प्रेमानं.

दुसरं उत्तर मिळायला अजून दोन आठवडे लागले. नळी बदलायला गेलो तिथं एक डॉक्टर मॅडम होत्या, त्यांनी नंतर फोनवर मला विचारलं की ते उदास आहेत का हे तुम्ही त्यांना विचारलं का? मी म्हटलं मॅडम, दिसतेच ना. त्या म्हणाल्या, दिसते ते सोडा, विचारलं का? मला ते तेव्हा फालतू वाटलं. पुढे वाचण्यात आलं की कॅनडाच्या हार्वे चोचिनोव नावाच्या डॉक्टरनं १९९७ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं, मरणाच्या वाटेवरचे १९७ पेशंट, अन लांबलचक प्रश्नावल्या एकीकडे अन 'तुम्हाला उदास वाटते का' हा एक साधा प्रश्न एकीकडे, तर तो एकटा प्रश्न त्यांच्या अभ्यासात सगळ्यात भारी ठरला. नंतरच्या लोकांना एवढा चोख निकाल मिळाला नाही, ते पण खरं, पण विचारण्यानं सुरुवात होते ह्यावर वाद नाही.

तर विचारलं. नातवाची पाटी हातात दिली. मोठ्या बाबांनी बराच वेळ काही लिहिलं नाही, मग दोन अक्षरं लिहिली. 'वास'.

जखमेचा वास. आम्हाला सगळ्यांना येत होता, सगळे उदबत्ती लावत होतो अन कोणी बोलत नव्हतो. नातू जवळ येत नव्हता, आला तर नाकाला हात. तो हात त्यांनी पाहिला होता. भिंतीकडे तोंड त्याच्यामुळं होतं. आता खरी लाज वाटायची गोष्ट सांगतो. सडणाऱ्या जखमेच्या वासावर मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून वर टाकतात, जुना अन जगभर चालणारा उपाय आहे, वास बऱ्यापैकी बसते. मॅडमनी तेच सांगितलं. रुपया-दीड रुपयाची गोळी, जुलाबाला देतो आपण ती. माझ्या दुकानात हजारानं पडलेली. अन मी त्यांना तोवर ब्राह्मी पाजत होतो.

मोठे बाबा काही नाचायला लागले नाहीत. मेलेच, पुढच्या उलंगवाडीच्या, म्हणजे कापसाची वेचणी संपायच्या, आत गेले. पण शेवटचे काही आठवडे तोंड दाराकडे होतं अन नातू खाटेवर बसून पाटीवर फुल्या-गोळे खेळायचा.

ह्या एका किश्शावर सगळ्या विदर्भाचा निकाल लावू नका, हे मान्य. म्हणून थोडं बाहेरचं सांगतो. शेवटच्या आजारातल्या लोकांवर जगभर झालेल्या अभ्यासांची २०११ मध्ये एक मोठी बेरीज झाली, त्यात ठळक डिप्रेशन असलेले साधारण सातात एक निघाले अन सगळे हलके-भारी प्रकार धरले तर चारात एक. म्हणजे चारातल्या तिघांना तो आजार नाहीच. त्यांना दुःख आहे. पोरीचं लग्न राहिलं, सोसायटीचं कर्ज राहिलं, बायकोचं पुढे कसं होईन, ह्याचं दुःख. ते कॅप्सूलनं जायला नको अन जात पण नाही. अन ज्या चौथ्याला खरंच डिप्रेशन आहे त्याला भुकटी नाही, डॉक्टर पाहिजे. दोघांनाही बाटली चुकीचीच पडते, एकाला जास्तीची अन एकाला कमी.

वेळेचं गणित पण बघा. जडीबुटी म्हणा की साधी डिप्रेशनची गोळी म्हणा, असर यायला काही आठवडे लागतात, सेंट जॉन्स वर्टच्या बऱ्याचशा ट्रायलसुद्धा चार ते सहा आठवड्यांच्या. ज्याच्याकडे आठ आठवडे आहेत त्याचे सहा आपण वाट पाहण्यात घालवायचे का? म्हणून जाणकार डॉक्टर आधी दुखणं पकडतात. दुखते म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून मन नाही. मग संडास साफ होते का, तोंड आलं का, उलटी होते का. हे सगळं लायनीत आलं की निम्मी हाय उतरलेली दिसते. तरी राहिली तर गोळी. डिप्रेशनच्या गोळ्यांमध्ये काही अशा आहेत की ज्यानं झोपही लागते, पण ते डॉक्टरनं ठरवायचं, माझ्यासारख्यानं नाही, कारण ट्रामाडॉलसोबत त्यातल्याही काही भांडतात. फरक एवढाच की त्या कशाशी भांडतात हे लिहून ठेवलेलं आहे.

अन दुखणं पकडायला मॉर्फिन पाहिजे. इथं आमचं गाडं अडते. अफूपासून बनते म्हणून नशेच्या पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानं ते इतकं आवळलं की दवाखाने ठेवायलाच घाबरायचे. २०१४ मध्ये कायदा बदलला, चार-पाच लायसन्सच्या जागी एकाच परवानगीवर मान्यताप्राप्त दवाखान्याला मॉर्फिन ठेवता येईल अशी सोय झाली. झाली कागदावर. माझ्या वीस वर्षांत मी माझ्या तालुक्यात मॉर्फिनची गोळी हातात घेतलेली नाही. पेशंटला ती हवी असली की नागपूर. ज्याला बसता येत नाही तो नागपूरला कसा जाणार, तर जात नाही, ट्रामाडॉल खाऊन कण्हते, अन घरचे म्हणतात ह्यानं हाय खाल्ली, अन माझ्याकडून ब्राह्मी नेतात. असं ते चक्र आहे.

केरळात शेवटच्या आजारातल्या लोकांचं दुखणं पकडायचं हेच काम कसं झालं ते पाहा, १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल अन त्यांच्या सोबतच्या लोकांनी त्यासाठी छोटीशी संस्था काढली, पुढे मलप्पुरमकडे गावातलेच लोक, मास्तर, दुकानदार, रिक्षावाले, अशा पेशंटची सेवा शिकून घरोघरी जायला लागले, २००८ मध्ये केरळ सरकारनं ह्याचं धोरणच केलं. लगेच कोणी म्हणेल केरळ वेगळं, तिथले लोक शिकलेले. बरं, मग आपल्या अमरावतीचंच घ्या. 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर, गावातल्याच लोकांना शिकवून डिप्रेशनवर बोलायला लावलं. दीड वर्षात डिप्रेशन असलेल्यांमध्ये मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ते कॅन्सरच्या पेशंटसाठी नव्हतं, पण आपल्या गावातला माणूस मनाबद्दल बोलत नाही हे जे आपण धरून बसलो ते खोटं ठरलं ना? विचारणारा पाहिजे होता. आशाताई प्रत्येक गावात आहे. तिच्यावर आधीच बत्तीस कामं लादली अन मानधनासाठी तिला दरवेळी मोर्चा काढावा लागते, त्यामुळं 'आशाला सांगा' म्हणताना मला थोडी शरमच वाटते, पण पैसे देऊन, शिकवून, हे काम तिला किंवा तिच्यासोबत दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल. अन ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिन. ह्या दोन मागण्या आमदारापाशी कोणी नेत नाही, कारण मरणाऱ्याचं मत पुढच्या इलेक्शनला नसते.

वैद्य लोकांना ह्यात शत्रू समजू नका. आमच्या गावचे वैद्य, बीएएमएस, पेशंटच्या घरी जाऊन खाटेवर बसतात, हात हातात घेतात, अर्धा तास बोलतात, अन मला खात्री आहे की त्या अर्ध्या तासाचाच गुण येते अन श्रेय काढ्याला जाते. त्यांना मी एवढंच म्हणतो की काढा द्यायचा तर फाईल पाहून द्या, चालू गोळ्यांशी जुळते का बघा, लिव्हरचा रिपोर्ट बघा. खरा राग मला त्या 'शेवटच्या स्टेजलाही गुण' वाल्या जाहिरातींचा येते, व्हॉट्सअपवर फिरतात त्या. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून आता हुशार लोक 'कॅन्सर' लिहीतच नाहीत, 'मन प्रसन्न, अंगात शक्ती' असं लिहितात अन फोटो टकलावर रुमाल बांधलेल्या बाईचा टाकतात.

मोठ्या आईच्या बाजूनं एक बोलायचं राहिलं. मुलगी जेव्हा वाटीत काहीतरी घेऊन बापाजवळ बसते तेव्हा त्या वाटीत काय आहे ह्याला फार अर्थ नसते, बसण्याला असते. ते कोणाकडून हिसकावून घेऊ नये. मग मी म्हणतो, ज्वारीची आंबील द्या ना, गाळून. ताक द्या. तोंडानं जात असेल तर मऊ भात तूप. हे बुढ्याच्या जिभेला ओळखीचं आहे, नळीतही जाते, ट्रामाडॉलशी भांडत नाही. अन ते औषध नाही हे त्यालाही माहीत असते, त्यामुळं 'मी अजून बरा होणार आहे' असं सोंग करायची पाळी त्याच्यावर येत नाही. बाटलीचं सगळ्यात वाईट हेच आहे. बाटली चालू आहे तोवर घरात कोणी निरोपाचं बोलत नाही.

हो, एक काम मात्र आजच करा. पेशंट 'आता नको जगणं' असं बोलत असेल तर घरातलं फवारणीचं औषध उचलून दुसरीकडे ठेवा अन १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस ह्या मनाच्या त्रासासाठीच्या सेवेचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, फुकट आहे.

मागच्या बाजाराच्या दिवशी एक पोट्टा आला, पंचवीस-सव्वीसचा, मायच्या नावाची फाईल. मूडची डबी मागितली. मी म्हटलं, माय दिवसभर काय करते? म्हणे पडून राह्यते. म्हटलं, तिला विचारलं का बाबू, कशानं वाईट वाटते? तो फाईलकडे पाहत राहिला. मागे तीन गिऱ्हाईक उभे होते, त्यातला एक पुड्यासाठी सुट्टे मोजत होता. "विचारतो," पोट्टा म्हणाला, "घरी गेलो की विचारतो. पण डबी देऊन द्या दादा, खाली हातानं कसा जाऊ?"

दिली.